डावी बाही सैल

नव्या पाळकांचं काहीतरी काळंबेरं आहे, हे पूर्णमावशीने पहिल्यांदा ओळखलं ते त्यांच्या बुटांवरून. धावायचे बूट! तेही निळ्या नाडीचे. ते घालून हा माणूस प्रार्थनेच्या हॉलच्या व्यासपीठावर उभा राहायचा आणि तारणाबद्दल, आत्म्याच्या उद्धाराबद्दल, बोलायचा. आधीचे थोरले पाळक होते तोवर त्यांचे बूट असे चकाकायचे की त्यात बघून भांग पाडावा. आता तुम्ही म्हणाल, बुटांत काय आहे? मावशीला विचारा. तिने उभा जन्म शिवणयंत्रावर काढला होता, आणि अंगावर घातलेल्या वस्तूवरून माणूस जोखायची तिला सवयच जडली होती. बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघायचा. चुकला तर ती तो विसरून जायची.

पूर्णमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, ते कामावरून पडलं. त्यांच्या हॉलमध्ये बाप्तिस्मा म्हणजे माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे. कपाळावर चार थेंब शिंपडले की झालं, असला प्रकार तिथे चालायचा नाही. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली टाकी होती, टाकीत उतरायला पायऱ्या होत्या. आणि थोरल्या पाळकांनी नियम घालून दिला होता की काठावर एकाने डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. केसाची बट, कोपर, पायाचा अंगठा, काहीही पाण्याबाहेर राहिलं तर पुन्हा बुडवायचं. सगळं आत गेलं की त्या माणसाने मोठ्याने ओरडायचं, "पूर्ण!" मग मंडळी हालेलुया म्हणणार. हे काम मावशीकडे आलं ते तिच्याकडेच राहिलं. बेकरीवाल्याच्या वेळी त्याचं पोट तेवढं सारखं वर यायचं. मावशीने त्याला इतक्यांदा बुडवायला लावलं की शेवटी तो धापा टाकत म्हणाला, "मावशी, तारण राहू द्या, आधी श्वास घेऊ द्या!" सगळा हॉल हसला. मावशी हसली नाही. पोट राहिलं म्हणजे माणूस राहिला, असं तिचं साधं मत होतं.

बाप्तिस्म्याचे झगेही तीच शिवायची. जाड पांढरं कापड, आणि घेराच्या दुमडीत शिशाचे बारीक तुकडे, म्हणजे झगा पाण्यावर फुगून येत नाही, सरळ खाली जातो. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि तिला तिचा अभिमान होता.

तर बुटांपासून सुरुवात झाली, आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. टाकीवरच्या फळ्यांवर नव्या पाळकांनी सतरंजी घातली, सतरंजीवर खुर्च्या मांडल्या. म्हणजे टाकी उघडायचा विचारच नाही! मग दवाखान्यातल्या नर्सबाई मंडळीत आल्या. त्या रस्त्यापलीकडच्या घंटेच्या चर्चमधल्या. तिथे तान्ह्या पोरांच्या कपाळावर पाणी शिंपडतात आणि त्यालाच बाप्तिस्मा म्हणतात. थोरल्या पाळकांच्या वेळी तिकडून कुणी आलं तर आधी टाकीत, मग खुर्चीवर. नव्या पाळकांनी नर्सबाईंना सरळ खुर्चीवर बसवलं, वर प्रभुभोजनाची भाकरही दिली.

उपासना सुटल्यावर मावशीने पाळकांना दारात गाठलं.

"नर्सबाईंचा बाप्तिस्मा कधी आहे?"

"झालाय की त्यांचा, मावशी."

"कधी?"

"लहानपणी."

"वाटीत?"

पाळक हसले. "पाणी किती होतं ते मी नाही विचारलं. विश्वास आहे का, ते विचारलं. बाप्तिस्मा ही तारणाची खूण आहे, मावशी. खूण म्हणजेच तारण नव्हे."

"लॉन्ड्रीत बिनखुणेचा कपडा टाकून बघा," मावशी म्हणाली. "मग दुसऱ्याच्या अंगावर दिसतो."

यावर ते आणखीच हसले. मावशीला हसणारा पाळक पटायचा नाही. ज्याच्याकडे उत्तर आहे तो कशाला हसेल?

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, एका दुपारी बटणं आणायला जाताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घंटेच्या चर्चच्या मागच्या फाटकातून नवे पाळक बाहेर येतायत, शिडीचं एक टोक यांच्या खांद्यावर, दुसरं टोक त्या चर्चच्या लांब झग्यातल्या फादरांच्या खांद्यावर! दोघं चक्क खिदळत होते. मावशी पटकन विजेच्या खांबाआड उभी राहिली. खांब बारीक आणि मावशी रुंद, पण एवढं भान कुणाला? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुरेना का, तुझं काय जातं, असं तिला कुणी विचारलं असतं तर? तर तिने सांगितलं नसतं. पण जात होतं. तिची ताई जात होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. त्याच रस्त्यावर, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. दोघींच्या कपाळावर लहानपणी घंटेच्या चर्चमध्येच पाणी पडलेलं. मावशी तरुणपणी हॉलमध्ये आली, टाकीत उतरली, नवी झाली. ताई होती तिथेच राहिली. "मला एकदा दिलेलं पुरतं," म्हणायची. थोरले पाळक तेव्हा ऐन भरात होते. एका रविवारी त्यांनी मूठ आपटून सांगितलं, जे पाण्याखालून आले नाहीत ते तरले नाहीत, आणि जे तरले नाहीत त्यांच्या ताटाला हात लावू नका! सगळ्यांनी आमेन म्हटलं, घरी गेले, आणि विसरले. मावशी विसरली नाही. त्या दिवसापासून तिने ताईकडे अन्नाचा कण खाल्ला नाही.

बोलणं-चालणं होतं हं. येणं-जाणं होतं. ताईचे कपडे मावशीच शिवायची, शिलाईचं नाव काढू द्यायची नाही. पण ताईच्या घरी ती दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. ताई मुद्दाम बटाटे तळायची, कारण तळलेले बटाटे म्हणजे मावशीचा जीव की प्राण. ताट पुढे यायचं.

"नको ताई, आत्ताच खाऊन आले."

"बरं, पाणी तरी पी. तुमच्या लोकांना पाण्याची भारी आवड."

ताई हसून ताट झाकून ठेवायची. मावशी घरी येऊन कोरडा पाव खायची, आणि बटाट्यांचा वास केसांत राहिलेला असायचा. एकदा त्या वासाने तिला रडू फुटलं होतं. पण आपण रडलो म्हणून नियम बदलतो का? डोळे पुसून तिने पाव संपवला होता.

ताईला पाण्याची धास्ती होती, हेही सांगायला हवं. दोघी लहान असताना घरामागे हौद होता, बिनझाकणाचा. त्यात धाकटी, म्हणजे मावशी, पडली. जेमतेम चालायला लागली होती ती. ताईने मागोमाग उडी मारली, हिला वर ढकललं आणि स्वतःचा खांदा हौदाच्या कडेवर आपटून घेतला. तो नीट बसलाच नाही. तेव्हापासून ताईचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे, आणि तेव्हापासून ती आंघोळसुद्धा दार किलकिलं ठेवून, मगाने पाणी घेऊन करायची. मावशीला यातलं काही आठवत नव्हतं, ही सगळी घरातली ऐकीव गोष्ट. तिला कामापुरतं ठाऊक होतं ते एवढंच की ताईच्या कपड्याची डावी बाही सैल ठेवायची आणि बगलेत जास्तीची पट्टी घालायची. ते ती न विचारता करायची.

आता ताईचा मुलगा तिला कायमचं आपल्याकडे न्यायला येणार होता. लांबचं गाव, आणि दोघींची वयं झालेली. पुन्हा भेट होईल असं कुणीच म्हणत नव्हतं. मावशीला एकच घोर लागला होता. ताई अशीच कोरडी गेली तर? इथेही ताटातूट आणि वरही ताटातूट? तिला अजून आशा होती की ताई शेवटच्या घडीला तरी ऐकेल. आणि नेमका आत्ताच हा निळ्या नाडीवाला टाकीवर खुर्च्या मांडून बसला होता!

अशात एके सकाळी नवे पाळक तिच्या दुकानात आले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मावशी कुणाच्या तरी शर्टाची कॉलर उलटवत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, एक झगा हवाय. बाप्तिस्म्याचा."

यंत्र थांबलं. "कुणाचा?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय. मापं मी पाठ करून आलोय." आणि शाळेतल्या पोरासारखी त्यांनी मापं घडाघडा म्हणून दाखवली. उंची, छाती, उजवी बाही. "आणि डावी बाही सैल. बगलेत जास्तीची पट्टी घालायची, असं त्या म्हणाल्या."

जगात अशी बाही लागणारी बाई एकच होती. मावशीच्या हातातली टेप खाली पडली. ताई! ताई पाण्यात उतरणार! तिला इतका आनंद झाला की उठून या माणसाच्या बुटांनाही हात लावावा असं क्षणभर वाटलं. पण क्षणभरच. लगेच कपाळाला आठी पडली. मग ही लपवाछपवी कशाला? आणि तीही सख्ख्या बहिणीपासून?

"कुणाची का असेना, शिवते," ती म्हणाली. ताकास तूर लागू दिली नाही.

पाळक दारापर्यंत गेले आणि वळले. "एक राहिलंच. घेरात शिसं घालू नका."

"का?"

"नको. बिनवजनाचा असू दे."

"मग तो तरंगेल."

"तरंगू दे की."

आणि गेलेसुद्धा. मावशी दाराकडे बघतच राहिली. तरंगू दे? झगा तरंगला म्हणजे पाय उघडे, गुडघे उघडे, निम्मा माणूस बाहेर! मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा ताईला बुडवणारच नव्हता. गुडघाभर पाण्यात उभी करणार, डोक्यावर ओंजळभर पाणी ओतणार आणि झालं म्हणणार. घंटेवाल्यांचा बाप्तिस्मा, आणि आमच्या टाकीत! फादर, शिडी, सतरंजी, सगळे धागे जुळले. ताईची फसवणूक, मंडळीची फसवणूक, आणि देवाची तर विचारूच नका.

तिने झगा शिवायला घेतला. डावी बाही सैल ठेवली, बगलेत पट्टी घातली. आणि घेरात शिसं घातलं, नेहमीच्या दुप्पट. "आता बघते कशी तरंगतेस," ती टाक्याटाक्याला पुटपुटत होती.

पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. या माणसाला कुणीतरी जाब विचारायला हवा होता, आणि त्या तोलाचा माणूस एकच होता. थोरले पाळक आता काम सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहत होते. मावशी बस पकडून तिथे गेली.

लेकीने दार उघडून तिला स्वयंपाकघरात नेलं. थोरले पाळक टेबलाशी बसले होते, बूट अजून तसेच चकाकत होते. समोर तसल्याच नाकाचा आणखी एक म्हातारा. दोघांच्या मधे एकच ताट, ताटात पाव आणि उकडलेली अंडी.

"ये, ये," थोरले पाळक म्हणाले. "हा माझा थोरला भाऊ. घंटेच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. सूर सोडून सगळं वाजवतो."

मावशी उभीच राहिली. आपण कशासाठी आलो ते ती विसरली.

"तुम्ही यांच्याबरोबर जेवता?"

"मग काय, उपाशी ठेवू? भाऊ आहे माझा."

"पण हे पाण्याखालून आलेत का?"

"हा? हा पावसातसुद्धा भिजत नाही." ऑर्गनवाल्याने आनंदाने मान हलवली आणि तेवढ्यात शेवटचं अंडं उचललं.

"कधीपासून जेवताय?"

"कधीपासून म्हणजे? आई दोघांना एका ताटात वाढायची तेव्हापासून. खंड कशाला पडेल?"

"पाळकसाहेब, तुम्हीच सांगितलं होतं. मूठ आपटून. त्यांच्या ताटाला हात लावू नका म्हणून."

म्हाताऱ्याचा पावाचा तुकडा हातातच राहिला. "सांगितलं असेल," ते सावकाश म्हणाले. "तेव्हा आपली तरणी पोरं तिकडे पळत होती. त्यांचा गाण्याचा वर्ग होता, वर चहा-बिस्किटं. मला राग यायचा. रविवारी रागाच्या भरात काय काय बोलायचो, आणि सोमवारी याच्याकडे जेवायला जायचो." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू कुणाच्या ताटाला हात लावला नाहीस, पोरी?"

"ताईच्या."

ऑर्गनवाल्याने हातातलं अंडं हळूच परत ताटात ठेवलं. लेक ओट्याशी उगीच फडकं पिळत राहिली.

"बस," थोरले पाळक म्हणाले. "दोन घास खा."

"मला भूक नाही. तारणाचं काय ते सांगा. नवे पाळक टाकी बंद करायला निघालेत."

"टाकी बंद करू नये. माणसाने जाणतेपणी पाण्यात उतरावं आणि अख्खं उतरावं, हे मी आजही म्हणतो. पण कोण तरला आणि कोण बुडाला, याचे निकाल मी व्यासपीठावरून द्यायचो ना, त्याची मला लाज वाटते. तो निकाल माझ्या हातात नव्हताच कधी."

परत येताना बसमध्ये मावशीने ठरवून टाकलं की म्हाताऱ्यालाही फितवलंय. वय झालं, भाऊ गोडबोल्या, बसला असेल कानाशी लागून. नव्या पाळकांचाही त्यात हात असणार. कारण म्हातारा खरं बोलत असेल, तर झाकून ठेवलेल्या त्या सगळ्या ताटांचं काय? त्या कोरड्या पावांचं काय? छे! तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. काय वाटेल ते सोसायची तिची तयारी होती, फक्त उगीचच सोसलं असं निघायला नको होतं. शिसं तिने तसंच राहू दिलं.

बाप्तिस्म्याची दुपार आली. झगा आदल्या दिवशीच पाळकांकडे पोचता केला होता. मावशी हॉलवर लवकरच गेली. पाहते तर सतरंजी गुंडाळलेली, फळ्या उचललेल्या, टाकी काठोकाठ भरलेली आणि पाण्यावर हलकी वाफ. कोपऱ्यात तीच ती शिडी, आणि शेजारी पाण्याचा पंप. पंपावर तांबड्या रंगात घंटेच्या चर्चचं नाव. नवे पाळक अनवाणी होते.

"टाकीला तडा गेला होता, मावशी," ते म्हणाले. "फळ्या उचलून कुणी आत उतरू नये म्हणून वर खुर्च्या मांडल्या. फादरांनी शिडी दिली, पंप दिला, वर स्वतः सिमेंट कालवलं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर त्यांना टाकीला हात लावू दिला असता का?"

मावशीने वाकून काठावरच्या बुजवलेल्या तड्यावरून बोट फिरवलं. काम चोख होतं. त्याचाच तिला राग आला.

माणसं थोडीच होती. नर्सबाई, बेकरीवाला, आणखी दोघं-तिघं. मग बाजूच्या खोलीचं दार उघडलं आणि झगा घातलेली ताई बाहेर आली. तिचा चेहरा कापडापेक्षा पांढरा पडला होता. मावशीला पाहून ती कसनुसं हसली.

"काय गं, ओळखलंस ना बाहीवरून? मी यांना म्हटलंच होतं, ती ओळखणार. आणि झग्यात काय दगड भरलेस का? किती ओढतोय खाली!"

पाळकांनी झग्याच्या घेराकडे पाहिलं, मग मावशीकडे. ते हसले नाहीत. "मी नको म्हटलं होतं, मावशी. पाणी आपल्याला खाली ओढतं, अशी यांना भीती वाटते. म्हणून बिनवजनाचा. बुडवणार तर मी होतोच, माझ्या हातांनी, अख्खं."

मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. बाकीची माणसं पायाखालच्या फळ्या बघू लागली.

"मी यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की तुमचा बाप्तिस्मा झालाय," पाळक म्हणाले. "ऐकत नाहीत. यांच्या हट्टापुढे मी हरलो. ताई, शेवटचं विचारतो. लहानपणीचा तुमचा बाप्तिस्मा खोटा होता असं वाटतं तुम्हाला?"

"मला? नाही हो. हिला वाटतं."

"मग कशाला उतरताय?"

"अहो, चार दिवसांनी मी जाणार. जायच्या आधी हिने एकदा माझ्याकडे पोटभर जेवावं, एवढीच माझी इच्छा आहे. ही ओल्या माणसांकडेच जेवते, मग मी काय करू? होते ओली." ताई मावशीकडे वळली. "तुला कळवलं नाही, कारण म्हटलं, ऐनवेळी घाबरून परत फिरले तर तू उगीच आस लावून बसशील."

बेकरीवाला जोरात खोकला. मावशीचे पाय आपोआप टाकीच्या काठावर, नेहमीच्या जागी जाऊन थांबले.

पाळक आधी उतरले. त्यांनी ताईचा उजवा हात धरला. ताईने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. घेर पाण्यात गेला, शिसं तो सरळ खाली ओढू लागलं, आणि ताईच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. तिने डावा हात कठड्याकडे नेला. कठडा उंच होता, हात काही तिथवर पोचेना. तिने डोळे घट्ट मिटले, आणि दुसरी पायरी उतरली. पाणी गुडघ्याला लागलं. ती थरथर कापत होती, आणि तरी पुढच्या पायरीसाठी पाय चाचपत होती.

काठावर उभं राहून मावशी बघत होती, जसं तिने जन्मभर पाहिलं होतं. केस, कोपर, अंगठा. आणि तिची नजर त्या डाव्या बाहीवर येऊन अडकली. बगलेतली पट्टी ताणली गेली होती. ती पट्टी तिने किती कपड्यांना लावली होती! आणि ती का लागते, हे तिला कामापुरतंच ठाऊक होतं. हौद खोल होता. ताई लहान होती. पाणी तिच्या डोक्यावरून गेलं असणार. केस, कोपर, अंगठा, सगळं आत गेलं असणार, त्याशिवाय तळाशी गेलेलं पोर वर ढकलता येतं का? आणि त्या दिवशी काठावर कुणी नव्हतं.

"पूर्ण!"

हॉल दणाणला. बेकरीवाल्याच्या तोंडून सवयीने अर्धं हालेलुया निघालं आणि तिथेच अडकलं. पाळकांनी वर पाहिलं.

"मावशी, अजून गुडघाभर पाण्यातच आहेत त्या."

"काठावर कोण उभं आहे? तुम्ही का मी?" मावशीचा आवाज चिरकला. "मी पूर्ण म्हटलं म्हणजे पूर्ण!"

ताईने एक डोळा उघडला. "अगं वेडे, मी वरून सगळी कोरडी आहे."

"तुझा मागेच झाला, ताई. हौदात. तू अख्खी गेली होतीस. मीच आत होते ना, म्हणून ओरडायचं राहिलं."

ताईची हनुवटी तेवढी हलत राहिली. मावशी चपलांसकट पायऱ्या उतरली, वाकली, आणि तो जड घेर तिने दोन्ही हातांनी पाण्यातून वर उचलून धरला. रडत होती, आणि ते लपवत नव्हती. पाळक पाण्यात उभे राहून दोघींकडे बघत होते, आणि आता मात्र हसत होते. हा माणूस आधीपासून हेच होणार असं धरून बसला होता की काय, अशी शंका मावशीला आलीच. त्याच्याकडे नंतर बघता येईल, तिने ठरवलं.

"बटाटे केलेस?" तिने ताईला विचारलं.

"सोलून ठेवलेत. तळायचेत."

"चल मग लवकर," मावशी म्हणाली. "मला फार भूक लागलीये, ताई."